ॲव्हरेज किती देते?

पावसाळ्याआधी माळा आवरायचा हा आमच्या घरचा जुना नेम. यंदा आवरताना दोन वह्या हाती आल्या आणि आवरणं तिथेच राहिलं! एक वही यांची. लांबट, पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. दुसरी लेकीची, चौकोन चौकोन आखलेली, जर्मनीतली. दोन्हींत रकाने मात्र तेच. तारीख, काट्यावरचं रीडिंग, किती लिटर भरलं, किती पैसे दिले, आणि शेवटी नुसतं 'ॲ.' म्हणजे ॲव्हरेज.

गाडी कुणाचीही असो, आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "ॲव्हरेज किती देते?" आमच्या बेळगावच्या वन्संनी तर लेकीची जर्मनीतली गाडी फोटोत पाहिली तेव्हाही हेच विचारलं होतं. फोटोत गाडीला टप नव्हता, त्याबद्दल चकार शब्द नाही! तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता वह्या समोर आहेत, तर वन्संना उत्तर देते. पण मी पडले इतिहासाची शिक्षिका, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. गणित माझा विषय नव्हे, तरी या खेपेस बेरजा-भागाकार दोनदा तपासून घेतले आहेत.

हे एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात होते. डिझेल इंजिन उघडायचं, जोडायचं, त्यात आयुष्य गेलं. एसटीत ॲव्हरेज म्हणत नाहीत, 'केएमपीएल' म्हणतात, आणि कोणता ड्रायव्हर किती केएमपीएल काढतो यावर त्याची पत ठरते. ती सवय घरी आली. स्कूटरमध्ये पेट्रोल आणि ऑइल घालून घरी आले की चपला काढायच्या आधी वहीत नोंद! पद्धत ठरलेली. टाकी फुल्ल करायची, रीडिंग लिहायचं. पुन्हा टाकी फुल्ल करायची, रीडिंग लिहायचं. मधल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळच्या लिटरांनी भागायचं. पंप तोच, आणि नोझल पहिल्यांदा 'टक्' करून थांबला की थांबायचं, वर ठिबकवायचं नाही. "एका वेळच्या आकड्यावर जायचं नाही, दहा वेळची सरासरी धर," असं लेकीला सांगताना मी कितीदा ऐकलंय.

ही लेक पुढे जर्मनीत गेली. राहायची ट्युबिंगेनला आणि नोकरी श्टुटगार्टला. हे श्टुटगार्ट म्हणजे १९६८ पासून आपल्या मुंबईचं भगिनी-शहर बरं का. जायला ४२ किलोमीटर, यायला ४२. आगगाडी आहे, पण तिच्या कामाच्या वेळा आगगाडीला जुळेनात. २००९ साली तिने फोनवर सांगितलं की सेकंडहँड गाडी घेते आहे, २००६ची, आणि ती टप उघडणारी आहे. इकडे फोनवर शांतता! मग हे म्हणाले, "अगं, टप नसलेली गाडी रोज कामावर न्यायची? ती काय वरात आहे?" तिकडून हट्ट. आठ महिने ढगाळ असतं हो बाबा, चार दिवस ऊन पडतं, ते मला अंगावर घ्यायचंय. दोन आठवडे हा वाद चालला. शेवटी यांनी तोडगा काढला. "उघडी घ्यायचीच असेल तर डिझेलची घे. हिशोब तरी बसेल."

म्हणजे गाडी तिची हौस आणि इंजिन बापाचं. हे ध्यानात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

टप नसणं ही हौस झाली ती फार नंतर. कार्ल बेन्झने २९ जानेवारी १८८६ला आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या गाडीला टपच नव्हता. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली, शंभरावर किलोमीटर, तीही उघड्यावरच. वाटेत वीस्लोख गावात औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. पेट्रोल पंप तेव्हा कुठले! (या बाईवर एक वेगळा लेख लिहायचा आहे, कधी जमेल तेव्हा.) पुढे बंद गाड्या आल्या, स्वस्त झाल्या, आणि ऊन-पाऊस न लागणं ही साधी अपेक्षा ठरली. तेव्हा उघडी गाडी उलटी श्रीमंतांची झाली. त्यात एक गोम आहे. बंद गाडीचा टप नुसतं छप्पर नसतो, तो सगळा सांगाडा धरून ठेवतो. तो कापला की गाडी पेपराच्या खोक्यासारखी पिळवटते. म्हणून तळाला आणि काचेच्या चौकटीला जास्तीचं पोलाद घालावं लागतं, शिवाय टप दुमडायची यंत्रं. टप काढल्यावर गाडी हलकी व्हायला हवी असं मला वाटे. प्रत्यक्षात ती आपल्या बंद भावंडापेक्षा जड होते, आणि ते वजन रोज ओढायला इंधन लागतं.

आता डिझेल. रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८५८ साली पॅरिसचा, शिक्षण म्युनिकचं. वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाते हे त्याला डाचत होतं. त्याने कागदावर असं इंजिन मांडलं की ज्यात नुसती हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगी नको. १८९३ साली त्याने यावर पुस्तक काढलं. कागदावरच्या गणिताने इंधनातल्या उष्णतेपैकी ७३ टक्के कामाला यायला हवी होती. ऑग्सबुर्गच्या कारखान्यात चार वर्षं खटपट झाली. १७ फेब्रुवारी १८९७ला म्युनिकच्या प्राध्यापक श्र्योटर यांनी त्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. आकडा आला २६.२ टक्के.

७३ आणि २६! शिक्षिका म्हणून मला या जोडीची गंमत वाटते. नापास म्हणावं तर तेव्हा जगात त्याच्या जवळपास दुसरं इंजिन नव्हतं. डिझेल आणि कागदावरचा आकडा यांचं हे नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. फरक इतकाच की त्या वेळी मोजणारा माणूस वेगळा होता आणि त्याने मोजलं तेच छापलं गेलं. स्वतः डिझेल १९१३च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला, कर्जात बुडालेला होता.

त्याचं इंजिन अवजड. कारखान्यात, बोटीत ठीक. मोटारीत बसवायचं तर इंधन थेंबाथेंबाने अचूक सोडणारा पंप हवा, आणि तो १९२७ साली बॉशने तयार करून विकायला काढला. कुठल्या गावात? श्टुटगार्टमध्ये. १९३६ साली मर्सिडीझने २६० डी ही डिझेल मोटार दाखवली. ती कंपनीही श्टुटगार्टचीच. ४५ अश्वशक्ती, शंभर किलोमीटरला साधारण साडेनऊ लिटर, आणि तेवढीच पेट्रोल गाडी घेई तेरा. गिऱ्हाईक कोण, तर टॅक्सीवाले! ज्याला दिवसभर गाडी चालवून पोट भरायचंय त्याला डिझेलचा आवाज, वास, धूर सगळं चालतं. पुढची पन्नास वर्षं डिझेल मोटार म्हणजे टॅक्सी, शेतकरी आणि फिरतीचे विक्रेते.

डिझेल कमी का पितं, हे मला यांनी एकदा पोळपाटावर कणकेच्या गोळ्यांनी समजावलं होतं. एक म्हणजे हवा जास्त दाबली की उष्णतेचं काम जास्त होतं. दुसरं म्हणजे पेट्रोलच्या इंजिनात हवा येण्याच्या वाटेवर झडप असते. हळू चालवताना ती झडप जवळजवळ मिटलेली, आणि इंजिन बिचारं नाक दाबून श्वास घेतं. त्यातच ताकद जाते. डिझेलला तशी अडवणूक नाही, हवा मोकळी येते, फक्त इंधन कमीजास्त होतं. म्हणून अर्ध्या ताकदीवर, एका चालीने रोज कामावर जाण्यात डिझेलचा फायदा उठून दिसतो. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. डिझेलचा लिटर पेट्रोलच्या लिटरपेक्षा भारी असतो, त्यात उष्णताही दहा-बारा टक्के जास्त असते. लिटरला लिटर तोलला की डिझेलला थोडी फुकटची शाबासकी मिळते.

तर अशी ही दोन कुळं, एक टॅक्सीवाल्याचं आणि एक हौशी. त्यांचं लग्न जमलं १९९०च्या दशकाच्या मध्यावर. १९८९ साली आउडीने मोठ्या गाडीत 'टीडीआय' इंजिन आणलं, थेट इंधन सोडणारं आणि टर्बो लावलेलं, म्हणजे काटकसर तीच पण ओढ चांगली. काही वर्षांत १.९ लिटरचं ९० अश्वशक्तीचं टीडीआय फोक्सवागनच्या उघड्या गोल्फमध्ये आणि आउडीच्या उघड्या गाडीत बसलं. पुढे इतरांनीही डिझेल कॅब्रिओलेट काढल्या. जुन्या शौकिनांनी नाकं मुरडली असणार. टप उघडला की पक्ष्यांचा आवाज ऐकायचा की टॅक्सीची खडखड! पण वारा सरकारी बाजूनेही डिझेलचाच होता. १९९७च्या क्योटो करारानंतर कार्बन डायऑक्साइड कमी करायचा होता, १९९८ साली युरोपच्या मोटार कंपन्यांनी किलोमीटरला १४० ग्रॅमवर यायचं कबूल केलं, आणि त्याला सोपा उपाय डिझेल. जर्मनीत डिझेलवर लिटरला ४७.०४ सेंट कर, पेट्रोलवर ६५.४५. २०११च्या सुमारास पश्चिम युरोपात निम्म्याहून जास्त नव्या गाड्या डिझेल होत्या.

लेकीच्या गाडीच्या कागदावर आकडा होता ५.१. (गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, तक्रार करायची नाहीये.) हा ५.१ पाहून वन्सं गडबडतील, कारण तिकडे उलटं मोजतात. लिटरला किती किलोमीटर असं नव्हे, शंभर किलोमीटरला किती लिटर. आकडा लहान तितका चांगला. आपल्या भाषेत ५.१ म्हणजे लिटरला १९.६. आधी मला हे उफराटं वाटलं. पण विचार केल्यावर पटलं की त्यांचंच बरोबर. लिटरला १० वरून १२ झाले तर शंभर किलोमीटरला पावणेदोन लिटर वाचतात. २० वरून २२ झाले तर अर्धा लिटरही नाही. दोन्हीकडे वाढ 'दोन'च दिसते! आपला आकडा गाडीची कौतुकं सांगतो, त्यांचा आकडा खिशाचं बोलतो.

हे ५.१ आलं कुठून? यांना तो प्रश्न पडलाच. फार पूर्वी जर्मनीत एक मानक होतं, त्यात गाडी कमाल वेगाच्या पाऊणपट, पण ११०च्या आत, एकसारख्या वेगाने चालवून मोजायचे आणि वर १० टक्के मिळवायचे. म्हणजे छापण्याआधीच कबुली की बाबांनो, रस्त्यावर जास्त लागेल! १९७३च्या तेलसंकटानंतर प्रत्येकालाच ॲव्हरेजची काळजी पडली आणि युरोपभर एकच पद्धत असावी असं ठरत गेलं. आधार घेतला तो १९७० साली धुराच्या तपासणीसाठी ठरवलेल्या शहरी चालीचा. तीच चाल चार वेळा, पुढे तिला महामार्गाचा एक तुकडा जोडला, आणि १९९६ पासून हाच आकडा गाड्यांच्या कागदावर. एकूण ११८० सेकंद, म्हणजे शाळेच्या तासाच्या निम्मा वेळ. अंतर ११ किलोमीटर. १२०चा वेग काही सेकंदच. आणि शहरी भागात शून्यावरून ५० वर जायला किती वेळ? २६ सेकंद! आमची स्कूटर दोघं आणि भाजीची पिशवी घेऊन त्याहून लवकर जात असे.

ही सगळी चाल रोलरवर. गाडी खोलीत उभी, चाकं फिरतात, एसी बंद, दिवे बंद, खोली वीस ते तीस अंश उबदार. वारा नाहीच. वाऱ्याचा अडथळा म्हणजे रोलरला सांगितलेली एक संख्या. टप उघडल्यावर काय होतं याचा वेगळा आकडा कुठेच छापलेला नाही. उघड्या गाडीच्या ॲव्हरेजमध्ये तिचं उघडं असणं मोजलेलंच नाही! (पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ पासून. जाहिरातीच्या कोपऱ्यात ज्यांचं नाव वाचून आपण ॲव्हरेज खरं मानायचो, तीही चाचणी या युरोपीय चालीवरूनच बेतलेली. महामार्गाचा वेग तेवढा ९०वर आणला. आपल्या रस्त्यांना मान दिला म्हणायचं.)

यांचा नियम साधा. "कंपनी सांगते त्यात एक मिळव." म्हणून त्यांनी आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, ६.१. त्याखाली पुढचा हिशोब. वर्षाला २०० दिवस, रोज ८४ किलोमीटर, १६,८०० किलोमीटर. त्याच गाडीच्या पेट्रोल भावंडाचा कागदी आकडा ७.९. कागदी आकड्यांनीच पाहिलं तरी डिझेलला वर्षाकाठी ४७० लिटर कमी, आणि वर दर लिटरला कराचा फरक व्हॅट धरून २२ सेंट. उलट बाजूला रस्त्याचा वार्षिक कर. दोन लिटरच्या जुन्या डिझेलला ३०८ युरो ८० सेंट, पेट्रोलला १३५. १७४ युरोंचा तोटा मान्य, तरी डिझेल भारी. शिवाय तिकडे कामावर जाण्याच्या एकेरी अंतरावर किलोमीटरला ३० सेंट प्राप्तिकराच्या उत्पन्नातून वजा मिळत, म्हणजे तिला २,५२० युरो. हे वजावटीचे पैसे गाडीच्या जातीवर नसतात, सायकलने गेलात तरी तेच. हे तिनेच कळवलं, आणि यांनी तो आकडा खोडून टाकला. हिशोबात फुकटचं काही धरायचं नाही.

आता लेकीची वही. दोनशे तीन नोंदी आहेत. नऊ वर्षांच्या.

कमाल आकडा ७.४. फेब्रुवारी २०१२, ज्या महिन्यात युरोप गोठला होता. थंड डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं आणि तोवर अधाशासारखं पितं. थंडीचे टायर, दिवे, सीटखालची शेगडी, हे सगळं त्यात. नीचांक ५.४, एका ऑगस्टमधला. शाळांना सुट्ट्या, रस्ता मोकळा, टप बंद. म्हणजे नऊ वर्षांत एकदाही ५.१ दिसला नाही. मधूनच एखादी नोंद विनाकारण अर्ध्या लिटरने फुगलेली दिसते आणि समोर तिने 'जाळी' असं लिहिलंय. धुराड्यातली काजळी अडवणारी जाळी असते, ती भरली की गाडी जास्त डिझेल जाळून ती साफ करते. ज्यांचं रोजचं जाणं पाच-सात किलोमीटरचं, त्यांची जाळी नीट साफच होत नाही. हिला ४२ किलोमीटर असल्याने ते दुखणं नव्हतं.

२०११च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो होतो. तेव्हा बाप-लेकीने प्रयोग केला. एक पूर्ण टाकी टप बंद ठेवून, दुसरी पूर्ण टाकी टप उघडा ठेवून. रस्ता तोच, वेग ११०च्या वर न्यायचा नाही. बंद ५.८, उघडा ६.३. अर्धा लिटर वाऱ्याने खाल्ला! वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, त्यामुळे शहरात टप उघडा असला काय नि मिटलेला काय, फरक कळत नाही. महामार्गावर कळतो. बंद असताना एसी चालू होता तो धरला तर वाऱ्याचा वाटा थोडा आणखीच. उघड्या टाकीच्या दिवसांत एक दिवस हे तिच्यासोबत श्टुटगार्टपर्यंत गेले. जुलै महिन्यात कानटोपी घालून! मी मागच्या सीटवर, डोक्याला पदर घट्ट बांधून. डेगरलोखपर्यंत रस्ता उंचावरून जातो, मग एकदम वळणावळणाने वाडग्यासारख्या खोलगट शहरात उतरतो. उतारावर तिने पाय काढला आणि समोरच्या पडद्यावर आकडा आला ०.०. हे इतके खूश झाले की कानटोपी काढली. "आणि संध्याकाळी चढताना?" मी विचारलं. "तो आकडा बघायचा नाही," लेक म्हणाली. त्या वाडग्यात उभं राहिल्यावर हवा जड वाटली होती. मी ती उन्हाची समजले.

१८ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवागनला नोटीस दिली. धागा निघाला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या चमूपासून. त्यात हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम हे आपल्याकडचे दोघे होते. त्यांनी रोलर सोडला, गाडीच्या धुराड्याला यंत्र बांधलं आणि कॅलिफोर्नियात नि थेट सिॲटलपर्यंत गाड्या चालवल्या. एका गाडीचा नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा मर्यादेच्या १५ ते ३५ पट! चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाणं वागणारी आज्ञावली इंजिनात घातलेली होती, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत.

यांनी ती बातमी पेपरात वाचली आणि लेकीची वही मागवली. म्हणजे फोनवर नोंदी वाचून घेतल्या. लिटरांत कुठे फसवाफसवी आहे का बघत होते. नव्हती. ही चोरी लिटरांतली नव्हतीच. ॲव्हरेजचा फरक वेगळा आणि उघड होता. आयसीसीटी या संस्थेने काढलेल्या हिशोबात २००१ साली कागद आणि रस्ता यांत ९ टक्के अंतर होतं, ते २०१५ला ४२ टक्क्यांवर गेलं, आणि त्यात बहुतेक सगळं नियमाला धरून! दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "इतकी हवा दाबायची, इतकी तापवायची, तर हवेतला नायट्रोजनही जळणारच. ज्याने ॲव्हरेज मिळतं त्यानेच ते होतं. मला माहीत होतं. वहीत त्याला रकाना नव्हता." मग बराच वेळ गप्प बसले. डिझेल घे असं सांगितलं ते त्यांनी. जानेवारी २०१६ला हे गेले, पुढचं पाहायला राहिले नाहीत.

पुढचं श्टुटगार्टलाच घडलं. ते वाडगं, डोंगरांनी वेढलेलं, वारा खेळत नाही. नेकारटोर चौकातल्या मोजणी-केंद्रावर नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाची सरासरी २०१७ला ७३ मायक्रोग्रॅम, मर्यादा ४०. २७ फेब्रुवारी २०१८ला लाइपझिगच्या न्यायालयाने शहरांना डिझेलबंदी करता येते असा निकाल दिला. हांबुर्गने दोन रस्त्यांपुरती केली. श्टुटगार्टने १ जानेवारी २०१९पासून 'युरो ४' आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना सबंध शहर बंद केलं. गावच्या रहिवाशांना एप्रिलपर्यंत सवलत, बाहेरून येणाऱ्यांना नाही. ज्या गावात डिझेलचा पंप घडला, डिझेल मोटार घडली, त्याच गावात! लेकीची गाडी २००६ची, युरो ४, आणि ती बाहेरून येणारी.

नंतर चाचणीही बदलली. सप्टेंबर २०१७पासून नव्या मॉडेलांना, २०१८पासून सगळ्या नव्या गाड्यांना नवी चाल आली, २३ किलोमीटरची, १३१च्या वेगापर्यंत. आणि २०२१पासून युरोपातल्या नव्या गाड्यांना आपण किती इंधन प्यायलो हे आतल्या आत लिहून ठेवायची सक्ती झाली. यांची वही कायद्याने गाडीत बसवली म्हणा ना! २०२४ साली युरोपीय आयोगाने त्या नोंदी जाहीर केल्या, तर नव्या चाचणीपेक्षाही रस्त्यावर साधारण २० टक्के जास्त.

लेकीने गाडी डिसेंबर २०१८ला विकली. आता तिच्या कामाच्या वेळा बदलल्या आहेत, आगगाडीने जाते. घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने दारं उघडून पाहिली, टप एकदा वर-खाली केला, युरो कितीची ते कागदावर वाचलं आणि भाव पाडला. गाडी पूर्वेकडच्या कुठल्या तरी देशात जाणार होती. तिने नऊ वर्षांची वही काढून त्याच्यापुढे धरली, पण त्याने ती उघडलीसुद्धा नाही. ॲव्हरेज किती देते हे त्याने विचारलंच नाही, असं ती फोनवर मला दोनदा म्हणाली.

पुढच्या वर्षी आली तेव्हा वही घेऊन आली आणि म्हणाली, "आई, बाबांच्या वहीशेजारी ठेव." तर वन्सं, हे घ्या उत्तर. शेवटच्या पानावर तिने बेरीज मारली आहे. १,६१,४०० किलोमीटर, १०,१६८ लिटर. ॲ. ६.३, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला १६ला किंचित कमी. त्याखाली एक रेघ ओढून बारीक अक्षरात लिहिलंय, 'बाबा : ६.१'.